इम्प्रेशन पडले, रँक वर गेला, फोन मात्र तेवढेच: रिपोर्टमधला घोळ कसा सोडवायचा

गुहागरच्या होमस्टेचा किंवा देवगडच्या आंबेवाल्याचा महिन्याचा रिपोर्ट काढला की एकाच पानावर तीन न जुळणाऱ्या गोष्टी दिसतात. इम्प्रेशन (गूगलच्या निकालात साइट किती वेळा आली) धपकन खाली आलेले, सरासरी पोझिशन (निकालातली सरासरी जागा) एकदम वर चढलेली आणि क्लिक होते तेवढेच. दुसरीकडे रँक ट्रॅकर (निकालातली जागा नेमानं तपासणारं साधन) सांगतो की पंधरा कीवर्ड (शोधशब्द) यादीतूनच गायब झाले. मालकाचा प्रश्न साधा असतो, "चाललंय ते चांगलं की वाईट?" आणि रिपोर्ट करणारा घाईत मजकूर बदलायला, टायटल फिरवायला, नाहीतर बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून येणारे दुवे) विकत घ्यायला धावतो. हे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं. असल्या वेळी बहुधा साइट जागची हललेली नसते, मोजपट्टी बदललेली असते.

मोजपट्टी बदलण्याची ही पहिली खेप नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये गूगलनं लॉग-इन केलेल्यांचे शोधशब्द झाकायला सुरुवात केली आणि ॲनालिटिक्समधून (साइटवर आलेले लोक मोजणारं गूगलचं साधन) कीवर्ड नाहीसे झाले. फेब्रुवारी 2016 मध्ये डेस्कटॉपवरच्या उजव्या बाजूच्या जाहिराती गेल्या. जून 2024 मध्ये डेस्कटॉपवरचं सलग स्क्रोल बंद होऊन पानं परत आली. जानेवारी 2025 मध्ये जावास्क्रिप्टशिवाय निकाल मिळणं थांबलं आणि बऱ्याच ट्रॅकरचे आकडे काही दिवस अडकले. सप्टेंबर 2025 मध्ये एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय गेली. पुढेही असं होत राहणार. म्हणून दर वेळी नवं औषध शोधण्यापेक्षा तपासणीचा क्रम एकदा बसवून ठेवलेला बरा.

साइटला हात लावण्याआधी

सर्च कन्सोलमध्ये (शोधात साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) परफॉर्मन्सचा रिपोर्ट उघडा. क्लिक, इम्प्रेशन, सीटीआर (शंभर इम्प्रेशनमागे किती क्लिक) आणि सरासरी पोझिशन हे चारही चौकोन चालू करा. तारखेत तुलना निवडा आणि बदलाच्या आधीचे 14 दिवस व नंतरचे 14 दिवस घ्या. दोन्हीकडे शनिवार-रविवार सारखेच यायला हवेत. मग उपकरणाची गाळणी (फिल्टर) लावून डेस्कटॉप आणि मोबाइल वेगवेगळे पाहा. ही पायरी कोणी गाळू नये, अर्धं निदान इथेच होतं.

फक्त डेस्कटॉपचे इम्प्रेशन एका-दोन दिवसांत पायरी उतरल्यासारखे खाली आले, पोझिशन सुधारली आणि क्लिक तसेच राहिले, तर मोजणी बदलली आहे. क्लिक आणि इम्प्रेशन दोन्ही उपकरणांवर हळूहळू उतरले आणि पोझिशन जागेवरच राहिली, तर लोक शोधत नाहीत, म्हणजे हंगाम सरला. इम्प्रेशन व पोझिशन तशीच आणि क्लिक कमी झाले, तर निकालाच्या पानावर तुमच्या वर काहीतरी नवीन येऊन बसलं आहे. तिन्ही एकदम घसरले आणि तेही दोन्ही उपकरणांवर, तर मात्र खरी बाधा आहे. मग नोइंडेक्स (पान निकालात घेऊ नका अशी खूण), कॅनोनिकल (सारख्या पानांतलं मुख्य कुठलं ते सांगणारी खूण), डोमेनची मुदत, होस्टिंग आणि गूगलच्या अपडेटच्या तारखा या क्रमानं बघा.

ट्रॅकरमध्ये एका दिवसाची जागा रिकामी दिसली, तर दोन दिवस थांबा. आकडे गोळा करणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) अडला असेल तर तो भरून येतो, नाहीतर रिकामाच राहतो. रिकाम्या दिवसावरून कुणालाही मेल करू नका.

तारखांचा आणखी एक गुंता आहे. सर्च कन्सोलचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा त्यांची तारीख बदलते, हिवाळ्यात दीड वाजता. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी झालेले शोध आदल्या दिवशीच्या खात्यात पडतात. ॲनालिटिक्स भारतीय वेळेवर लावलेलं असतं, म्हणून एकेका दिवसाचा मेळ बसत नाही. तुलना आठवड्याची करा. शेवटचे तीन दिवस पक्के धरू नका, ते आकडे अजून भरत असतात.

सप्टेंबर 2025 मध्ये नेमकं काय झालं

गूगलच्या निकालपानाच्या पत्त्याला शेवटी "&num=100" जोडलं की एकाच पानावर शंभर निकाल यायचे. माणसं हे क्वचित करत. करायचे ते रँक ट्रॅकर, कारण एका मागणीत शंभरापर्यंतची यादी हाती यायची. आता इम्प्रेशन कसं मोजलं जातं ते लक्षात घ्या. निकाल त्या उघडलेल्या पानावर असला की पुरतं, कुणी खाली सरकून पाहायची गरज नाही. त्यामुळे 70 व्या जागी पडलेल्या तुमच्या पानालाही प्रत्येक बॉटच्या फेरीत एक इम्प्रेशन मिळत होतं. दुसऱ्या पानापलीकडे माणूस सहसा जात नाही. तिथला आकडा बराचसा यंत्रांचाच होता.

सप्टेंबर 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात ही सोय बंद झाली. खोलातले इम्प्रेशन गेले. हे बॉट बहुतेक डेस्कटॉप म्हणून वावरतात, म्हणून खड्डा डेस्कटॉपमध्ये पडला.

आकड्यात सांगायचं तर असं. "गुहागर होमस्टे" या शोधात साइट 6 व्या जागी आहे आणि त्यावर 100 इम्प्रेशन, 8 क्लिक. "कोकण पर्यटन" या शोधात ती 70 व्या जागी आहे आणि त्यावर 60 इम्प्रेशन, सगळे बॉटचे, क्लिक शून्य. एकूण सरासरी पोझिशन येते 600 अधिक 4200 भागिले 160, म्हणजे 30. सीटीआर 5 टक्के. बॉट गेले की उरतात 100 इम्प्रेशन, पोझिशन 6 आणि सीटीआर 8 टक्के. साइटवर एक अक्षर बदललं नाही, तरी रँक चोवीस पायऱ्या चढला आणि इम्प्रेशन एक तृतीयांशाहून जास्त पडले. रिपोर्टमध्ये पहिला अर्धा भाग आपलं कर्तृत्व म्हणून आणि दुसरा गूगलची खोडी म्हणून मांडणारे महाभाग आहेत. दोन्ही एकाच गोष्टीची बाजू आहेत, हे मालकाला आज ना उद्या कळतंच.

कोकणातल्या साइटसाठी हा महिना आणखी अवघड होता. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला. चाकरमानी परत गेले की गावाकडच्या शोधांना ओहोटी लागते. त्यात गूगलचं स्पॅम अपडेट (फसव्या युक्त्या वापरणाऱ्या साइटना खाली ढकलणारा बदल) 26 ऑगस्टला सुरू होऊन 22 सप्टेंबरला संपलं. म्हणजे हंगामाची ओहोटी, स्पॅम अपडेट आणि शंभर निकालांची सोय जाणं, तिन्ही एकावर एक आले. ते वेगळे काढायचे तर मोबाइलचे क्लिक पाहा. मोबाइल क्लिक 6 सप्टेंबरनंतर हलके हलके उतरले आणि पोझिशन हलली नाही, तर तो सणाचा परिणाम. मोबाइलची पोझिशनही बिघडली असेल आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळीचे शोध सुरू झाल्यावरही क्लिक सुधारले नसतील, तर स्पॅम अपडेटचा संशय घ्या आणि एकसारखी गावनिहाय पानं, चोरलेला मजकूर, विकतचे दुवे तपासा. फक्त गावाचं नाव बदलून केलेली चाळीस पानं कोकणातल्या टॅक्सीवाल्यांच्या साइटवर हमखास सापडतात.

जुने-नवे आकडे एकाच आलेखात दाखवायचेच असतील तर गाळून घ्या. दोन्ही कालखंडांची शोधशब्दांची यादी एक्सपोर्ट करा, 20 पर्यंतच्या पोझिशनचे शब्द ठेवा आणि त्यांचेच क्लिक व इम्प्रेशन जोडा. सर्च कन्सोलच्या तक्त्यावरची पोझिशनची गाळणी फक्त ओळी लपवते, वरच्या बेरजा बदलत नाही, म्हणून बेरीज शीटमध्ये करावी लागते. पडद्यावर 1000 ओळींची मर्यादा आहे, एका होमस्टेला ती पुरते. मोठ्या साइटला एपीआय (प्रोग्रामनं थेट आकडे मागवायची सोय) लागेल, तिथे एका मागणीत 25,000 ओळी मिळतात.

ट्रॅकरमधले कीवर्ड गायब आणि सरासरी मात्र सुधारली

शंभर निकाल एका फटक्यात मिळेनात तेव्हा ट्रॅकरवाल्यांना तेवढ्यासाठी दहा मागण्या कराव्या लागल्या. खर्च दहापट. त्यामुळे काहींनी रोजची खोली (वरून कितव्या निकालापर्यंत बघायचं ते) 10 किंवा 20 वर आणली, काहींनी शंभर ठेवली पण आठवड्यातून एकदाच, काहींनी दर वाढवले. तुमच्या खात्यात काय झालं ते प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये खोली किंवा डेप्थ या नावाखाली दिसेल. एकाच दिवशी 30 ते 90 मधले सगळे कीवर्ड एकत्र गेले असतील, तर ते घसरलेले नाहीत, तिथवर आता कोणी बघतच नाही.

खरा अपघात पुढे शीटमध्ये होतो. समजा पाच कीवर्ड 4, 7, 12, 38 आणि 79 वर होते. सरासरी 28. खोली 20 झाल्यावर शेवटच्या दोन ठिकाणी आडवी रेघ आली. शीटचं सरासरीचं सूत्र अक्षरं आणि रिकाम्या जागा वगळतं. उरले 4, 7 आणि 12, सरासरी 7.67. वाईट कीवर्ड मोजणीतून गळाले म्हणून आकडा सुधारला. उलट काही ट्रॅकर एक्सपोर्टमध्ये न सापडलेल्या शब्दाला 0 देतात, तेव्हा सरासरी आणखीच गोड होते. काही 101 देतात, तेव्हा साइट बुडाल्यासारखी वाटते. म्हणून एक्सपोर्ट उघडल्यावर पहिल्यांदा "सापडलं नाही" हे त्या फाइलमध्ये कसं लिहिलंय ते बघायचं.

यावरचा आमचा पक्का सल्ला असा की सरासरी रँक रिपोर्टमधून काढूनच टाका. त्याऐवजी गट मोजा: 1 ते 3 मध्ये किती कीवर्ड, 4 ते 10 मध्ये किती, 11 ते 20 मध्ये किती आणि 20 च्या बाहेर किती. वरच्या पाच शब्दांचा हिशेब आधी आणि नंतर सारखाच येतो: पहिल्या गटात शून्य, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, बाहेर दोन. खोली बदलली तरी रिपोर्ट हलत नाही.

खर्चाचा हिशेबही करून टाकू. 80 कीवर्ड, दोन उपकरणं, रोज, शंभर खोली म्हणजे महिन्याला 80 गुणिले 2 गुणिले 30 गुणिले 10, एकूण 48,000 पानं. एवढी चैन कुठल्याच होमस्टेला परवडत नाही आणि गरजही नाही. ज्यांवर बुकिंग येतं असे 25 शब्द निवडा, दोन्ही उपकरणांवर रोज 20 खोलीनं तपासा: 3,000 पानं. उरलेले 55 शब्द फक्त मोबाइलवर, आठवड्यातून एकदा, शंभर खोलीनं: 2,200 पानं. एकूण 5,200. नवीन पान लिहिलं की ते 80 वरून 40 वर सरकतंय का, हे साप्ताहिक तपासणीत कळतं. त्यासाठी रोज बघायची गरज नसते.

रँक तोच, क्लिक कमी

ही तक्रार वेगळी, आणि मोजपट्टीवर ढकलून देता येत नाही. भारतात ऑगस्ट 2024 मध्ये एआय ओव्हरव्ह्यू (निकालांच्या वर एआयनं लिहिलेलं उत्तर) आले, जुलै 2025 मध्ये एआय मोड (गप्पांसारखे एकामागून एक प्रश्न विचारायची सोय) सगळ्यांसाठी खुला झाला. ट्रॅकर तुम्हाला दुसऱ्या जागी दाखवतो, पण मोबाइलच्या पडद्यावर आधी जाहिराती, मग एआयचा परिच्छेद, मग नकाशा आणि तीन नावं, आणि त्यानंतर तुमची दुसरी जागा. अंगठा दोनदा सरकवल्याशिवाय ती दिसत नाही.

सर्च कन्सोलमध्ये एआय ओव्हरव्ह्यूचा सगळा चौकोन मिळून एकच पोझिशन धरली जाते आणि आतल्या सगळ्या दुव्यांना तीच मिळते. बरेच ट्रॅकर तो चौकोन आणि नकाशा सोडून फक्त खालचे निळे दुवे मोजतात. म्हणून ट्रॅकरमध्ये 3 आणि सर्च कन्सोलमध्ये 5 असं दिसलं तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये चौकोन धरून मोजणी आणि चौकोन सोडून मोजणी असे दोन पर्याय असतात. एक निवडा, रिपोर्टच्या तळाशी लिहून ठेवा आणि वर्षभर बदलू नका. एके सकाळी सगळे कीवर्ड बरोबर एकेक पायरी उतरलेले दिसले तर आधी हेच सेटिंग पाहा. खरी घसरण इतकी शिस्तीत होत नाही.

एआय मोडमधले क्लिक आणि इम्प्रेशन सर्च कन्सोलच्या वेब प्रकारातच मिसळतात. तिथे विचारलेला प्रत्येक पुढचा प्रश्न नवा शोध म्हणून मोजला जातो. यामुळेही लांबलचक, एकदाच आलेले शोधशब्द यादीत वाढतात.

उपाय म्हणजे शब्दांचे दोन ढीग करणं. "तारकर्लीत स्कूबा कधी सुरू होतं", "हापूस ओळखायचा कसा" हे माहितीचे शोध. यांचं उत्तर गूगल वरच देऊन टाकतं, त्यावर क्लिकचं उद्दिष्ट ठेवू नका. "देवगड हापूस पाच डझन पेटी दर", "गणपतीपुळे समुद्राजवळ एसी खोली" हे व्यवहाराचे शोध. इथे माणसाला पैसे द्यायचे असतात, त्याला साइट उघडावीच लागते. दोन्ही ढिगांचा सीटीआर वेगळा दाखवला की मालकाला नेमकं दुखणं कळतं. माहितीच्या ढिगाचा घसरला आणि व्यवहाराचा टिकला, तर घाबरायचं कारण नाही. व्यवहाराचाही घसरला तर पेटीचा दर, खोलीचा दर आणि उपलब्धता टायटल-वर्णनात आहे का ते बघा.

काही जण एआयनं मजकूर उचलू नये म्हणून नोस्निपेट (पानातला मजकूर निकालात दाखवू नका अशी खूण) लावतात. त्यानं निळ्या दुव्याखालचं वर्णनही जातं. आंबेवाल्यानं हे करू नये.

दर महिन्याच्या एकाच तारखेला महत्त्वाच्या दहा शोधांचे मोबाइल स्क्रीनशॉट काढून ठेवा. पान कसं दिसत होतं याचा पुरावा दुसरीकडे सहसा मिळत नाही.

मालकाच्या फोनवर पहिला, रिपोर्टमध्ये अकरावा

मालवणात दुकानात बसून "स्कूबा डायव्हिंग" शोधणाऱ्याला स्वतःचं नाव वर दिसणारच. गूगलला तो कुठे बसलाय ते कळतं. इन्कॉग्निटो खिडकी उघडल्यानं पूर्वीचा शोध-इतिहास बाजूला राहतो, जागा नाही. आणि उलटही होतं: कोकणातल्या कित्येक ब्रॉडबँड जोडण्यांचा आयपी मुंबई-पुण्याच्या नावावर दिसतो, त्यामुळे रत्नागिरीतल्या लॅपटॉपवर अंधेरीचे निकाल येतात. निकालपानाच्या अगदी तळाशी गूगल कुठली जागा धरतोय ते लिहिलेलं असतं. भांडण सुरू करण्याआधी ते वाचावं.

ट्रॅकरमध्ये जागा ठरवताना गिऱ्हाईक कुठे उभा राहून शोधतो हे विचारा. होमस्टे आणि आंब्याची पेटी मुंबई, पुणे, कोल्हापुरातून शोधली जाते, म्हणून त्या शब्दांना तीच शहरं द्या. "जवळचं मालवणी जेवण", "किल्ल्याची होडी", "स्कूबा" हे शोधणारा बहुतेक वेळा किनाऱ्यावर पोचलेला असतो. त्याला मालवणचा पिनकोड 416606 द्या, किंवा अक्षांश-रेखांश. दोन दशांश स्थळांचा अक्षांश साधारण एक किलोमीटरची चूक करतो, तीन स्थळांचा शंभर मीटरची. नकाशातल्या तीन नावांसाठी तीन स्थळं घ्याच, कारण बंदर जेटी आणि तारकर्ली यांचे निकाल वेगळे येतात. देशाची जागा "भारत" एवढीच ठेवली असेल तर तो रँक कुणाचाच नाही.

नकाशातली तीन नावं आणि खालचे दुवे वेगळ्या रकान्यात मोजा. गूगल बिझनेस प्रोफाइलवरच्या वेबसाइट दुव्याला यूटीएम खूण (माणूस कुठून आला ते सांगणारी, पत्त्याला जोडायची अक्षरं) लावली की ॲनालिटिक्समध्ये नकाशावरून आलेले लोक वेगळे दिसतात. वेळांकडेही लक्ष असू द्या. त्या क्षणी उघडं आहे की बंद, याचा स्थानिक निकालांवर परिणाम होतो. सिंधुदुर्गात जलक्रीडा दरवर्षी साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतात. 1 सप्टेंबरला प्रोफाइलवरची "तात्पुरतं बंद" ही खूण काढायची राहून गेली तर ट्रॅकर घसरण दाखवेल आणि ती खरी असेल.

एकच शब्द, चार कीवर्ड

मराठी कीवर्डची भानगड इंग्रजी ट्रॅकरला कळत नाही. "किनाऱ्यावरील" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक दिसत नाही, शीटच्या व्हीलुकअपला (दोन याद्या जुळवणाऱ्या सूत्राला) दिसतो, आणि ट्रॅकरचा रँक सर्च कन्सोलच्या ओळीशी जुळत नाही. "ॲक्टिव्हिटी"चंही तेच: एकाक्षरी ॲ, अ वर वेगळा चंद्र, आणि हिंदी वळणाचा ऍ, तीन वेगळ्या नोंदी. शीटमध्ये सबस्टिट्यूट सूत्रानं एक रूप ठरवून घ्या. ते अदृश्य जोडचिन्ह UNICHAR(8205) या सूत्रानं पकडता येतं. आधी "र, हलन्त, 8205" या जोडीच्या जागी "ऱ, हलन्त" घाला, मग उरलेले 8205 आणि 8204 काढा. क्रम उलटा केला तर सगळे "ऱ्या" मोडून रफार होतो.

गावांच्या नावांतही दोन-दोन रूपं आहेत: वेंगुर्ला-वेंगुर्ले, गणपतीपुळे-गणपतिपुळे, हर्णे-हर्णै. वर प्रत्यय: मालवणात, मालवणमध्ये, मालवणच्या. आणि रोमन लिपीत लिहिलेलं मराठी वेगळंच. सगळी रूपं ट्रॅकरमध्ये टाकायची गरज नाही. सर्च कन्सोलमध्ये ज्या रूपाला सर्वाधिक इम्प्रेशन आहेत ते एक देवनागरी आणि एक रोमन घ्या.

मुरुडकडे खास लक्ष द्या. एक मुरुड दापोलीजवळचं, दुसरं रायगडातलं, जंजिऱ्याचं. "मुरुड बीच होमस्टे" या शोधात गूगल आज एक धरतो, उद्या दुसरं. त्या शब्दाचा रँक उड्या मारत असेल तर साइट तपासू नका, शब्द बदला: "मुरुड हर्णे होमस्टे", "दापोली मुरुड बीच".

देवनागरी शोध वेगळे पाहायचे तर शोधशब्दाच्या गाळणीत रेगेक्स (अक्षरांचा नमुना देऊन शोधणं) निवडून [अ-ह] एवढं लिहिलं की पुरतं. एक सापळा आहे. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही. एकूण आकड्यात ते असतात, शोधशब्दाची कुठलीही गाळणी लावली की बाहेर पडतात. म्हणून एकूणातून देवनागरी वजा केलं की उरलं ते रोमन, असा हिशेब चुकतो. दोन्ही गाळण्या लावून दोन्ही आकडे वेगळे घ्या आणि बाकीचं "लपवलेले" म्हणून दाखवा. लहान गावांच्या मराठी साइटवर हा लपवलेला भाग बराच मोठा असतो.

तारखेनं नाही, तिथीनं

मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना कोकणात हमखास फसते. चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. सप्टेंबर विरुद्ध सप्टेंबर ठेवलात तर एका बाजूला सण आणि दुसऱ्या बाजूला विसर्जनानंतरची शांतता येते. चतुर्थीच्या आधीचे 30 दिवस आणि नंतरचे 15 दिवस अशी खिडकी धरा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे घरी येण्याचे शोध त्याही आधी हलायला लागतात. टॅक्सीवाल्यांसाठी खिडकी 60 दिवसांची घ्या.

हापूसचं आणखी वेगळं. नोव्हेंबरात "देवगड हापूस" वर महिन्याला 12 इम्प्रेशन असतील तर पोझिशन 2 आली काय नि 19 आली काय, दोन्हीला अर्थ नाही. आम्ही 50 इम्प्रेशनखालच्या शब्दाची पोझिशन रिपोर्टमध्ये छापत नाही, रेघ ओढतो. तुलना मार्च-एप्रिलची मार्च-एप्रिलशी करा, आणि त्या वर्षी आंबा उशिरा आला असेल तर तसं शेजारी लिहा.

मालकाला काय लिहायचं

मेल छोटा असावा, आणि क्लिक-फोनचा आकडा पहिल्या ओळीत. असा मजकूर चालेल:

"या महिन्यात साइटवरचे क्लिक आणि फोन मागच्या महिन्याइतकेच आहेत. इम्प्रेशनचा आकडा कमी दिसतो, कारण सप्टेंबर 2025 पासून गूगलनं यंत्रांना एका पानावर शंभर निकाल देणं बंद केलं. त्याआधीच्या आकड्यात ती यंत्रं धरलेली होती, गिऱ्हाईक नव्हे. त्याच कारणानं सरासरी रँक सुधारलेला दिसतो, तो आमच्या कामामुळे नाही. यापुढे आम्ही पहिल्या तीनमध्ये, पहिल्या दहामध्ये आणि पहिल्या वीसमध्ये किती शब्द आहेत ते देऊ."

चौथं वाक्य बऱ्याच जणांना जड जातं. ते गाळू नका. पुढच्या बदलात रँक पडलेला दिसेल तेव्हा याच वाक्याच्या आधारावर मालक तुमचं ऐकून घेईल. फोनचे आकडे साइटवरच्या कॉल बटणाचा इव्हेंट आणि प्रोफाइलवरचे कॉल असे दोन्हीकडून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली बुकिंग मालकानं वहीत लिहिलेली असतात, ती विचारून घ्यावी लागतात.

प्रत्येक साइटसाठी एक नोंदवही शीट ठेवा. तारीख, काय बदललं, कुणी बदललं, कुठल्या आकड्यावर परिणाम, एवढेच चार रकाने. गूगलचे बदल, ट्रॅकरची खोली, जागेचं सेटिंग, साइटवरचे बदल, होस्टिंग बंद पडलं ते तास, सगळं त्यातच. नोव्हेंबर 2025 पासून सर्च कन्सोलच्या आलेखावरच टीप लिहायची सोय आहे, महत्त्वाच्या तारखा तिथेही टाका.

आणि एक्सपोर्ट लांबणीवर टाकू नका. सर्च कन्सोल 16 महिन्यांचंच ठेवतो, म्हणजे 10 सप्टेंबर 2025 चा दिवस 10 जानेवारी 2027 च्या सुमारास पुसला जाईल आणि बदलाच्या आधीचं काही शिल्लक राहणार नाही. शोधशब्द, पानं आणि उपकरणं हे तीन तक्ते महिनावार उतरवून ठेवा. बिगक्वेरीचा (गूगलचं डेटा साठवायचं कोठार) बल्क एक्सपोर्ट चालू केला तरी तो मागचं भरून देत नाही, सुरू केल्या दिवसापासूनच साठवतो.